मिरी, मास्तर आणि माझे पडणे

मित्रांनो, मी आडवा पडूनच बोलतो, रागावू नका. उभे राहण्याची मला कधी सवयच नव्हती. मी एक जुना लाकडी दांडा आहे. घोडे ज्याच्यावरून उडी मारतात, तो. दोन खांबांना लोखंडी वाट्या असतात, त्यांवर माझी दोन टोके टेकवतात. घोडा धावत येतो. जमले तर माझ्यावरून जातो, नाही जमले तर मला घेऊन खाली येतो. मग कोणीतरी मला उचलते, अंगावरची वाळू झटकते आणि पुन्हा जागेवर ठेवते. उचला, ठेवा, पाडा, पुन्हा उचला. एवढेच माझे चरित्र. दमलो आहे, हे तुमच्यापासून लपवून काय करू?

एके काळी मी झाड होतो. उंच आणि सरळ. सरळ असण्याचा तोटा असा, की कुऱ्हाड आधी सरळ झाडाकडेच बघते. माझ्या शेजारचे वेडेवाकडे झाड बहुधा अजून तिथेच असेल, पाखरांना अंगाखांद्यावर खेळवत. मला मात्र एका सुताराने घेतले. कानावर पेन्सिल अडकवून तो दिवसभर स्वतःशीच बडबडत असे. त्याने मला रंधा मारून गोल केले, घासून गुळगुळीत केले आणि शेवटी डोळे मिटून माझ्यावरून तळवा फिरवला. "एक कुसळ राहता कामा नये," तो म्हणाला, "घोड्याचे पाय लागणार आहेत याला." मग त्याने लाल-पांढरे पट्टे ओढले. तेव्हा मी असा काही दिसत होतो, की काय सांगू! त्यानंतर माझ्यावर रंगाचे इतके थर चढले, की आता लाकूड किती आणि रंग किती, हे माझे मलाही सांगता येत नाही.

मी ज्या पागेत आलो, तिथे दोघे भाऊ होते. थोरले घोडे वाढवत. बोलणे कमी आणि काम फार. धाकटे स्वारांना उडी शिकवत आणि त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांचा आवाज काय वर्णावा! मैदानाच्या मधोमध उभे राहून त्यांनी हाक दिली, की रस्त्याने जाणारा माणूस दचकून सायकलवरून उतरायचा. घोडा अडथळ्याजवळ आला, उडी घेण्याचा क्षण आला, की मास्तर ओरडत, "आता!" त्या एका शब्दासरशी स्वार पुढे झुकायचा, लगाम सैल सोडायचा आणि घोडा उचलला जायचा. तो शब्द त्यांच्या तोंडून चुकीच्या क्षणी निघालेला मी कधी ऐकला नाही. ते छाती फुगवून म्हणत, "घोडा पायांनी उडतो, पण स्वार उडतो तो माझ्या आवाजावर." यात खोटे काही नव्हते. पागेतले निम्मे शिष्य त्या आवाजाच्या भीतीनेच शिकले आणि उरलेले त्याच्या प्रेमाने.

त्या काळात माझेही कौतुक झाले. नावाजलेले घोडे माझ्यावरून गेले. पागेच्या ऑफिसात एक फोटो टांगलेला आहे, त्यात घोडा आणि स्वार हवेत आहेत आणि खाली डाव्या कोपऱ्यात जो दिसतो, तो मी. अर्धाच दिसतो, पण दिसतो. पुढे पोकळ, हलके दांडे आले. एका हाताने उचलावेत असे. मग मला कोण विचारतो? कामापुरता मामा, ही म्हण मी बाहेरच्या भिंतीला टेकून ऊन-पाऊस खात शिकलो. लाकडी दांडा असा तिरपा टेकवून ठेवला, की मधोमध वाकतो. मीही थोडा वाकलो. पण जड दांड्याला घोडा मान देतो, असे मास्तरांचे मत होते. म्हणून त्यांनी मला शोधून काढले, नवा रंग दिला आणि पुन्हा कामाला जुंपले. निवृत्ती आली होती ती तोंड दाखवून परत गेली.

त्याच सुमारास थोरले गेले. एका सकाळी घोड्याला खरारा करून पायरीवर टेकले, ते उठलेच नाहीत. पागेचा सगळा भार त्यांच्या पत्नीवर आला. मास्तर त्यांना वहिनी म्हणत, म्हणून सगळी पागाच वहिनी म्हणू लागली. वहिनी कडक होत्या. नवरा गेल्यावर त्या आणखी कडक झाल्या, कारण मऊ पडायला त्यांना सवड नव्हती. त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे छकुली. नावावरून लहान पोर समजू नका. तिशी उलटलेली, माझ्यासारखा दांडा एकटीने खांद्यावर टाकणारी बाई होती ती. पण लहानपणी पडलेले नाव माणसाला मोठे होऊ देत नाही.

थोरल्यांनी मागे एक शिंगरू ठेवले होते. काळे, लहानखुरे आणि तिखट, म्हणून त्याचे नाव मिरी. ती जन्मली तेव्हा थोरल्यांनीच तिला कोरड्या गोणपाटाने पुसून पायांवर उभे केले होते. ती मोठी झाली, तसे छकुलीने तिला उड्या शिकवायला घेतले. ही घोडी म्हणजे बाबांची शेवटची खूण, असे छकुली कधी बोलून दाखवत नसे. खोगीर चढवण्याआधी ती मिरीच्या कपाळाला कपाळ लावून थोडी थांबायची, त्यावरून काय ते समजायचे.

बाहेरच्या मैदानात मिरी मला खिजवायची. पाय पोटाशी घेऊन इतकी वरून जायची, की तिच्या खुराचा माझ्या रंगाला कधी ओरखडा नाही. मास्तरांचे "आता!" घुमले, की ही माझ्या पलीकडे. पण थंडी सुरू झाली, पावसाची ओल आटून मैदान दगडासारखे टणक झाले आणि सगळे काम आतल्या रिंगणात आले. तिथेच घोडे अडले.

हे आतले रिंगण तुम्ही पाहिलेले नसेल, म्हणून सांगतो. चार भिंती, वर पत्र्याचे छप्पर, खाली वाळू आणि लाकडाचा भुसा. भिंतींना छातीच्या उंचीपर्यंत फळ्या मारलेल्या. दारातून येताना बाहेर लख्ख उजेड आणि आत अंधूक दिवे, म्हणून डोळे काही वेळ चाचपडतात. बाहेर घोड्याला अडथळा लांबून दिसतो, त्याला विचार करता येतो. आत कोपरा वळला, की अडथळा एकदम नाकासमोर, आणि अडथळ्यापलीकडे भिंत. माझी जागा त्या भिंतीसमोरच होती.

मिरी कोपरा वळून आली. मास्तर ओरडले, "आता!" आणि मिरी चारही पाय रोवून थांबली. वाळू उडून माझ्या अंगावर आली. छकुली कशीबशी आयाळ धरून वर राहिली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मिरी घसरत येऊन माझ्यावर आदळली आणि आम्ही दोघेही खाली गेलो. मला पडण्याचे काही नाही, तो माझा धंदाच आहे. पण ती थरथरत होती. तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. मला वाटले, ही मलाच घाबरते. फार वाईट वाटले, मित्रांनो. माझ्या वाटेला अनेक घोडे आले, पण माझ्यामुळे कोणी असे थरथरले नव्हते.

दिवसेंदिवस हेच चालले. दिवे बदलले. लगाम बदलला. माझा रंग बदलून पाहिला, पिवळे पट्टे दिले, त्यात मी अगदी विदूषक दिसत होतो. मिरी अडायची ती अडायचीच. आणि ती जितकी अडे, तितके मास्तर मोठ्याने ओरडत. पत्रे थरथरत. माझ्याही कानठळ्या बसत, मला कान नसताना.

एका दुपारी वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मिरी तिसऱ्यांदा अडलेली त्यांनी पाहिली.

"छकुले, किती दिवस चालायचं हे?" त्या म्हणाल्या. "निम्मं वर्ष आपण आत काम करतो. आत उडी न मारणारी घोडी ठेवून मी काय करू? जागा आहे तेवढीच आहे."

"आई, बाबांची घोडी आहे ती."

"मला सांगतेस?" वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "थंडी संपताना इथेच स्पर्धा आहे. त्या दिवशी तिनं एकदाही न अडता फेरी पुरी केली, तर राहील. अडली, तर दलाल त्याच दिवशी गाडी घेऊन येईल. मी शब्द दिलाय त्याला."

तो दलाल मी पाहिलेला होता. गोड बोलायचा आणि घोड्यांचे दात बघायचा. तो घोडे कुठे नेतो, हे पागेत कोणी विचारत नसे. विचारले असते, तर उत्तर ऐकावे लागले असते. त्या दिवशी छकुलीने मिरीचे खोगीर काढताना बराच वेळ लावला.

मग एक गंमत झाली. मास्तरांचा घसा बसला. साधी सर्दी, पण आवाज असा गेला, की तोंडातून नुसती हवा. मास्तरांचा आवाज बसणे म्हणजे नदी आटण्यासारखेच. ते खुणांनी शिकवू लागले. हात वर केला म्हणजे वेग वाढव, तळवा खाली म्हणजे सावकाश. त्या खुणांच्या दिवसांत मिरी कोपरा वळून आली, तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती माझ्यावरून गेली. पलीकडे उतरून तिने मान अशी झटकली, जणू तिलाच नवल वाटले.

सगळ्यांना आनंद झाला. छकुलीने श्रेय नव्या लगामाला दिले. वहिनी म्हणाल्या, दिव्यांचा गुण. मी मनात म्हटले, पिवळे पट्टे असतील. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी, तसे आम्ही सगळे आपापली फांदी धरून बसलो.

मास्तरांचा घसा सुटला. त्यांनी खाकरून आवाज मोकळा केला, मधोमध येऊन उभे राहिले आणि मिरी माझ्यापाशी आली तेव्हा अख्खे रिंगण दणाणले, "आता!" मिरी अशी थांबली, की छकुली तिच्या मानेवरून उडून माझ्या पलीकडे वाळूत पडली. लागले नाही फारसे. पण उठताना तिला माझा आधार घ्यावा लागला. ती मिरीला घेऊन बाहेर गेली.

मास्तर एकटेच उरले. मग ते चालत माझ्यापाशी आले आणि जिथून घोडा उडी घेतो, नेमके त्या जागी उभे राहिले. माझ्याकडे तोंड करून, भिंतीकडे तोंड करून. आणि तिथून ते ओरडले, "आता!"

आवाज गेला, समोरच्या भिंतीवर आपटला, पत्र्यावर आपटला आणि परत येऊन त्यांच्याच तोंडावर आदळला. मास्तर चक्क एक पाऊल मागे सरले. चाळीस वर्षे त्यांनी तो शब्द उच्चारला होता, पण तो ज्याच्या अंगावर येतो त्याच्या जागी उभे राहून कधी ऐकला नव्हता. बाहेरच्या मैदानात गेलेला आवाज जातो तो जातो. इथे उडी घेण्याच्या नेमक्या क्षणी मागून एक माणूस ओरडायचा आणि समोरच्या भिंतीतून दुसरा. पागेतले जुने घोडे त्या आवाजातच वाढले होते, त्यांना काही वाटत नसे. मिरी थोरल्यांच्या हाताखाली वाढली होती, आणि थोरले तर घोड्याशी बोलायचे तेसुद्धा ओठांतल्या ओठांत.

मास्तर माझ्यावरच बसले. जड होते ते, पण मी हूं की चूं केले नाही. बसलेला माणूस खचला आहे, हे लाकडालाही कळते.

संध्याकाळी त्यांनी वहिनींना आणि छकुलीला रिंगणात बोलावले.

"वहिनी, खोट घोडीत नाही. माझ्यात आहे."

"काहीतरीच काय बोलता, भावजी! तुमच्या आवाजावर एक पिढी घोड्यावर बसली."

"मैदानात बसली. इथं मी ओरडलो की तिला वाटतं, समोरून कुणीतरी अंगावर येतंय. मग ती थांबते. मी असतो तर मीही थांबलो असतो." मास्तरांनी मान खाली घातली. "दादाच्या घोडीला मीच घाबरवत होतो. आणि वर तिलाच भित्री म्हणत होतो."

छकुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनी व्यवहारी. त्या म्हणाल्या, "मग ओरडू नका. झालं."

झालं म्हणणे सोपे असते. जित्याची खोड ती. दुसऱ्या दिवशी मिरी जवळ आली आणि मास्तरांच्या तोंडून "आ" निघालाच. "ता" त्यांनी कसाबसा गिळला. मग त्यांनी उपाय काढला. गळ्यातल्या मफलरचे टोक दातांत धरले. एवढा धिप्पाड माणूस, पांढऱ्या मिशा, आणि तोंडात मफलर! छकुलीला हसू आवरेना. पण त्या मफलरमागे जो शब्द अडत होता, तो त्यांच्या आयुष्यभराच्या कमाईचा होता. मला हसू आले नाही.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. मला खांबांवरून काढले आणि वाळूवर ठेवले. मिरी माझ्यावरून नुसती चालत गेली. थांबली, मला हुंगले, पुन्हा चालत गेली. या टोकाकडून त्या टोकाकडे, त्या टोकाकडून या टोकाकडे. मग दुडक्या चालीने. मग माझे एक टोक तेवढे वर, मग दोन्ही टोके, गुडघ्याइतकी. दरवेळी पलीकडे उतरल्यावर छकुली तिला भिंतीपाशी नेऊन उभी करायची, मान थोपटायची, भिंत हुंगू द्यायची. भिंतीतून कोणी येत नाही, हे मिरीला पटेपर्यंत कोणी घाई केली नाही. थंडी निम्मी सरली तेव्हा ती माझ्या खऱ्या उंचीवरून, कोपरा वळून, न अडता जाऊ लागली.

आम्हाला वाटले, जिंकलो. वहिनींनी दारात उभे राहून बघितले आणि म्हणाल्या, "छान. पण स्पर्धेला येणारे लोक काय मूग गिळून बसणार आहेत? लाउडस्पीकर असेल, टाळ्या असतील, पोरं रडतील. मफलर किती जणांच्या तोंडात कोंबणार, भावजी?"

खरेच होते ते. आम्ही घोडीला धीट केले नव्हते, नुसते रिंगण गप्प केले होते.

तेव्हापासून मास्तर रोज एक बादली पालथी घालून रिंगणाच्या कडेला बसू लागले आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागले. आधी दाराबाहेरून, मग दारातून, मग आतून. मिरी फिरत असायची आणि मास्तर हवामान, कोर्टकचेऱ्या आणि निधनवार्ता वाचत असायचे. सुरुवातीला त्यांचा आवाज ऐकला, की तिचे कान मागे जायचे. मास्तरांना ते दिसत असे. ते आवाज आणखी खाली आणत आणि वाचत राहत. असे कितीतरी दिवस गेले. एकदा ती हळूच त्यांच्यामागे आली आणि वर्तमानपत्राचा कोपरा तोडून चावू लागली. निधनवार्ता खाल्ल्या तिने. मास्तर इतके खूश झाले, की वहिनींना ते पान दाखवायला धावत गेले.

आणि मी? माझे हाल विचारू नका. दांडा पडल्याचा आवाज या रिंगणात बंदुकीसारखा येतो, म्हणून तोही तिच्या अंगवळणी पाडायचा होता. मिरी बादलीत तोंड घालून गाजरे खायची आणि दूर कोपऱ्यात मास्तर मला उचलून खाली टाकायचे. आधी बोटभर उंचीवरून. ती बिचकून पळाली, तर थांबायचे, वाट बघायची. मग घोट्याइतक्या उंचीवरून. मग गुडघ्याइतक्या. रोज जरा जवळ. तिला गाजरे मिळत होती, मला धक्के. माझ्या एका गाठीपाशी बारीक चीर पडली. मी जन्मभर पडत आलो होतो, पण ते पडणे चुकून असे. हे मुद्दाम पाडणे जिव्हारी लागायचे. तरी एके दिवशी मास्तरांनी मला कमरेइतक्या उंचीवरून टाकले, आणि मिरीने बादलीतून तोंडसुद्धा वर काढले नाही. त्या दिवशी माझ्या चिरेत वाळू गेली होती, फार दुखत होते, आणि मी फार सुखात होतो.

आता घोडामैदान जवळ आले होते. स्पर्धेचा दिवस उजाडला. दुसऱ्या पागांचे घोडे आले, माणसे भिंतीलगत दाटीवाटीने उभी राहिली, लाउडस्पीकर घरघरू लागला. दाराबाहेर दलालाची गाडी येऊन उभी होती. तिचे मागचे दार उघडून फळी खाली टेकवलेली होती, हे छकुलीने आत येताना पाहिले असणारच. मास्तर दारापाशी उभे होते, मफलर तोंडात. मला शेवटून दुसऱ्या अडथळ्यावर ठेवले होते. माझ्यानंतर एकच अडथळा, तो भिंतीसमोरचा.

मिरी आत आली. उजेडातून अंधारात. क्षणभर थबकली, कान फिरवले, आणि निघाली. पहिला अडथळा गेला. दुसरा गेला. कोणाचे तरी मूल किंचाळले, तिचा एक कान तिकडे वळला आणि परत आला. एकेक करत ती माझ्याकडे येत होती. मी श्वास रोखला असता, जर मला श्वास असता.

ती माझ्यावर आली. पुढचे पाय व्यवस्थित गेले. मागचा एक खूर मला लागला. फार नाही, पण माझी चीर होती तिथेच. मी वाटीतून निसटलो आणि खाली पडलो, आणि मित्रांनो, आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कधी पडलो नव्हतो. पत्रे दणाणले. सगळी माणसे एकदम "अरेरे!" म्हणाली. तो "अरेरे" चारही भिंतींवरून परत आला.

मी तोंड वाळूत खुपसून पडलो होतो. मला काही दिसत नव्हते, फक्त जमिनीतून खूर ऐकू येत होते. तडक तडक, तडक तडक, भिंतीच्या दिशेने. आणि मग ते थांबले. धावत्या घोड्याचे खूर दोनच कारणांनी थांबतात. एक, तो अडला म्हणजे. दुसरे, तो हवेत असला म्हणजे. यातले कोणते, हे मला कळेना. तेवढ्या वेळात मी थोरल्यांना हाक मारली, हे तुम्हाला सांगायला मला लाज वाटत नाही.

मग वाळूवर चार पाय पडले, आणि खूर पुन्हा वाजू लागले.

ती फेरी पुरी करून गेली. मला उचलून पाहिले, तर मी मधोमध तडकलो होतो. माझ्या जागी नवा हलका दांडा ठेवला आणि मला दारापाशी भिंतीकडेला टाकले. त्यामुळे पुढचे सगळे मी पाहिले.

दलाल वहिनींजवळ येऊन म्हणाला, "दांडा पाडला की हो घोडीनं. आता काय बक्षीस मिळणार? फळी लावलीच आहे, चढवू का?"

"पाडला," वहिनी म्हणाल्या. "पण अडली का?"

"अडली नाही, पण..."

"मग फळी उचला आणि गाडी न्या रिकामी."

एवढे बोलून वहिनींनी त्याच्याकडे पाठ फिरवली. वळताना त्यांनी पदराने डोळे पुसले, पण ते दलालाला दिसू दिले नाही.

छकुली मिरीला घेऊन दारातून बाहेर येत होती. मास्तर अजून तसेच उभे, मफलर दातांत.

"काका, काढा तो मफलर आता. बोला तिच्याशी."

मास्तरांनी मफलर काढला. "नको," ते म्हणाले. "घाबरेल."

"नाही घाबरणार. बोला ना."

मास्तरांनी मफलरची घडी केली आणि खिशात ठेवली. शेवटी ते अगदी हळू म्हणाले, "शाबास गं, माझ्या बाळा." मिरीचा कान त्यांच्याकडे वळला. मागे नाही गेला, त्यांच्याकडे वळला. आणि तो दणदणीत आवाजाचा माणूस तिच्या मानेत तोंड लपवून, कोणाला ऐकू जाणार नाही असा, रडला.

त्यानंतर मला उडीला लावले नाही. तडकलेला दांडा घोड्याच्या पायात घुसू शकतो. मास्तरांनी मला तारेने बांधले आणि रिंगणात जमिनीवर ठेवले. नवी शिंगरे आली, की पहिल्यांदा माझ्यावरून चालत जातात. माझ्याच्याने आता एवढेच होते, आणि खरे सांगायचे तर तेही जड जाते.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात, मैदानावर जुन्या लाकडी वस्तू असतील. काम झाले, की त्यांना पावसात फेकू नका. आडव्या, कोरड्या ठेवा, माती पुसा, चीर दिसली तर वेळेवर कोणाला तरी दाखवा. आम्हाला सांगता येत नाही.

आणि आणखी एक मागतो. बाहेर हसणारे-खेळणारे कोणीतरी, एखादी बहीण, एखादा मित्र, एका ठरावीक दारातून आत आले की गप्प होत असेल. अडून बसत असेल. त्याला भित्रा म्हणण्याआधी त्याच्या जागी जाऊन उभे राहा, तो बघतो तिकडे तोंड करा, आणि तिथून आपला स्वतःचा आवाज एकदा ऐकून बघा.